सायाळीचे दात आणि माझी जबानी

संपादकांनी पत्रात लिहिलं आहे, "आयुष्य जंगलात गेलं तुमचं, वाघाच्या दोन-चार गोष्टी होऊन जाऊ द्या." जंगल खात्याच्या सबंध नोकरीत मला वाघ दोनदा दिसला. दोन्ही वेळा पाठमोरा, आणि दोन्ही वेळा त्याच्यापेक्षा मीच जास्त घाईत होतो. त्यावर चार पानं भरायची नाहीत.

ज्या जनावराबद्दल मला खरोखर काही कळतं ते म्हणजे सायाळ. कोणी तिला साळिंदर म्हणतात. ते मला कसं कळलं, हे मात्र मी आजवर घरात बोललेलो नाही. बायको गेली, तिलाही सांगितलं नाही.

मी नोकरीला लागलो तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि आमचा हिंगोली-कळमनुरीचा भाग परभणी जिल्ह्यात होता. जंगलाच्या शिपायाला लोक नाकेदार म्हणत. अंगावर खाकी, छातीवर पितळेची चपरास, खांद्याला कुऱ्हाड. काम म्हणजे चालणं. कळमनुरीहून आखाडा बाळापूरकडं जाताना आत ज्या बोडक्या टेकड्या दिसतात, तिथं तेव्हा बरं जंगल होतं. धावडा, सालई, पळस, मधे मधे साग. कुणी ओलं लाकूड तोडलं का, कुठं वणवा लागला का, बंदीच्या भागात जनावरं शिरली का, हे पाहायचं आणि अमीनसाहेबांना उर्दूत रपोट द्यायचा. अमीन म्हणजे आजच्या भाषेत रेंजर.

लोकांना वाटतं नाकेदाराला जंगल ओळखू येतं. पहिली चार-पाच वर्षं मी फक्त जंगलातली माणसं ओळखत होतो. कोण गुपचूप मोळी नेतो, कोणाला दमात घ्यायचं, कोणाला सलाम करायचा, एवढ्यावर नोकरी छान चालत होती. सायाळीशी माझा संबंध काट्यापुरता. तिचा काळा-पांढरा काटा घरात ठेवला की त्या घरात भांडणं लागतात असं आमच्याकडं मानतात. कुरुंद्याची एक बाई माझ्याकडं असा काटा मागायला आली होती. कशाला पाहिजे म्हणून विचारलं, तर म्हणाली, जावेच्या आढ्याला खोचायचाय. दिला. महिन्याभरानं तिची जाऊ आली. तिलाही काटाच पाहिजे होता. तिलाही दिला. पुढं त्या घरात काय झालं ते मी विचारायला गेलो नाही.

अमीनसाहेबांनी एका उतारावर सागाची लागवड करून घेतली होती. चार वर्षांची रोपं मनगटाएवढी झाली होती. भोवती काट्याचं कुंपण होतं. उन्हाळ्यात वरचे बडे साहेब ती लागवड पाहायला यायचे होते आणि अमीनसाहेबांची बढती त्यावर अवलंबून होती, असं नाक्यावर सगळे म्हणत. ती लागवड माझ्या गस्तीत होती. दोन दिवसांआड तिथं चक्कर मारायचा हुकूम होता.

माघात माझ्या मेहुण्याचं लग्न निघालं. रजा मागितली असती तर मिळाली नसती, म्हणून मी मागितलीच नाही. सासुरवाडीला गेलो आणि तिथं चांगले अठरा दिवस राहिलो. परत आल्यावर एका बैठकीत अठरा दिवसांचे रपोट लिहून काढले. सब ठीक है, सब ठीक है. मग लागवडीवर गेलो.

शंभराच्या वर झाडं बुडाशी सोललेली होती. जमिनीपासून वीतभर वर, खोडाभोवती सगळीकडून साल गेलेली आणि आतलं पांढरं लाकूड उघडं पडलेलं. झाडाचं अन्न सालीतून उतरतं. ती अशी गोल काढली की झाड उभ्या उभ्या मरतं. काहींची पानं सुकून लोंबायला लागली होती. मी भ्यालो. झाडांसाठी नाही. हे एका दिवसाचं काम नव्हतं, आणि माझे अठरा रपोट अमीनसाहेबांच्या मेजावर पडले होते.

लागवडीच्या खालच्या अंगाला ओढ्याकाठी हटकर धनगरांचं, चार भावांच्या चार घरांचं वाडगं होतं. मेंढरं आणि थोडी शेरडं, म्हणजे शेळ्या. हे भाऊ दरसाल परवानगी काढून तिथं उतरायचे. त्यातला थोरला सटवाजी. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, बोलायला शांत. गस्तीवरून येताना मी त्याच्याकडं टेकायचो, त्याची बायको गिरजाबाई भाकरी आणि शेरडाचं दूध पुढं ठेवायची. मी किती वेळा खाल्लं त्याला मोजदाद नाही.

त्याच संध्याकाळी अमीनसाहेब फेरीवर आले. घोड्यावरून उतरले, खोडं पाहिली आणि विचारलं, "किसने किया?"

मी ओढ्याकडं हात केला. म्हणालो, "धनगरों की बकरियाँ, साहब. रात को छोड देते हैं."

एवढं सोपं होतं ते. मी तोवर एका खोडाजवळही नीट वाकलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचनामा झाला. दोन पंच, गावचा पाटील, अमीनसाहेब आणि मी. सटवाजीला बोलावून आणलं. तो खोडापाशी उकिडवा बसला, बराच वेळ पाहत राहिला, मग उठला आणि वाडग्याकडं गेला. अमीनसाहेबांना वाटलं पळाला. तो शेरडी घेऊन आला. तिला गुडघ्यात धरून त्यानं तिचा वरचा ओठ उचलला.

"पाहा साहेब. शेरडाला वरल्या अंगाला म्होरले दात नसत्यात. मेंढीलाबी न्हाई. निसती हिरडी. आन् ह्या खोडावर वरून बी दात लागले, खालून बी. शेरडू साल वढून फाडतं, आसं छिनीवानी कापत न्हाई. शेरडाचं तोंड वरबी जातं, हे समदं खाली हाय. हे शेरडाचं काम न्हाई."

अमीनसाहेब शहरातले. त्यांनी रुमाल नाकाला लावला आणि म्हणाले, "हटाव इसको."

सटवाजी माझ्याकडं वळला. "नाकेदार, तुमी पाहा. तुमी रोज हितं राहता. बोट लावून पाहा."

सगळे माझ्याकडं पाहायला लागले, म्हणून मला वाकावं लागलं. मी खोडाला बोट लावलं. दोन-दोन खाचा, शेजारी शेजारी, सुताराच्या छिनीनं घेतल्यासारख्या. वरून आलेल्या दोन आणि खालून आलेल्या दोन, मधे जुळलेल्या. बुडाशी मातीत खजुराच्या बियांसारख्या लेंड्या पडल्या होत्या, आणि हाताच्या अंतरावर एक तुटका काटा. काळा-पांढरा. मी त्यावर पाय ठेवला.

"तूने देखा बकरियों को? अपनी आँख से?" अमीनसाहेबांनी विचारलं.

"जी, साहब."

ही माझी जबानी. दोन शब्द. ती उर्दूत उतरवली आणि खाली मी सही केली. माझं अक्षर चांगलं होतं.

सटवाजीला नाक्यावरच्या खोलीत बसवून ठेवलं. त्याची सगळी जनावरं नाक्यामागच्या आवारात कोंडली. त्यांना पाणी पाजायचं काम माझ्याकडं आलं. फाल्गुन लागला होता, नाक्याची विहीर तळाला गेली होती. मी दिवसातून दोनदा पोहरे ओढायचो. पन्नास-साठ जिवांना ते काय पुरणार? मेंढ्या विण्याचे दिवस होते. तिसऱ्या दिवसापासून कोकरं मरायला लागली. खोलीच्या जाळीतून सटवाजीला आवार दिसायचं. तो मला शिव्या देईल असं वाटायचं, म्हणून मी तिकडं पाठ करून पाणी ओतायचो. पण तो एवढंच सांगायचा, "नाकेदार, त्या कानतुट्या मेंढीला आधी पाजा, ती आज-उद्या विनार हाय."

गिरजाबाई रोज भाकरी घेऊन यायची. पाचव्या-सहाव्या दिवशी तिनं मला विहिरीवर गाठलं.

"नाकेदार, काहून आसं करून राहिले? आमी तुमचं काय बिघडवलं?"

"माझ्या हातात काही नाही, बाई."

"तुमी निस्तं खरं बोला. यवढंच हातात हाय न तुमच्या."

मी पोहरा विहिरीत सोडला. दोर हातातून सरसर गेला, तिकडं पाहत राहिलो. ती गेल्याचं मला पावलांवरून कळलं.

नवव्या दिवशी अमीनसाहेबांनी निरोप पाठवला, गुन्हा कबूल असल्याचा अंगठा दे, जनावरं घेऊन जा. सटवाजीनं आवाराकडं पाहिलं आणि अंगठा दिला. त्या अंगठ्यामुळं गुन्हा सगळ्या वाडग्याचा ठरला. चारही घरांची चराई बंद झाली. भावांनी तिथंच, नाक्यासमोर, त्याच्याशी बोलणं तोडलं. धाकटा ओरडला, "केलं न्हाई तं अंगठा काहून दिला?" उरलेली जनावरं पुढं घालून सटवाजी आणि गिरजाबाई एका दिशेला गेले, भाऊ दुसऱ्या.

वाडगं उठलं आणि चार दिवसांनी आणखी पंधरा झाडं सोललेली सापडली.

आता मात्र मी जंगलाचा शिपाई झालो. कुणी पाहायच्या आत मला चोर शोधायचा होता. सकाळच्या कोवळ्या उन्हात मऊ धुळीवर माग दिसला. लहान लेकराच्या तळव्यासारखी पावलं आणि त्यांच्या कडेनं ओढत गेलेल्या काट्यांच्या बारीक रेघा. वरच्या अंगाला, खडकाच्या बेचक्यात बीळ होतं. तोंडाशी हाडं पडलेली, सगळी कुरतडलेली. तेव्हा मला वाटलं, हे जनावर मांस खातं. तसं नाही. सायाळ मुळं, कंद, साली, पडलेली फळं खाते. तिचे दात जन्मभर वाढतात. उंदीर-खारीच्या कुळातली ती. माझा एक भाचा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. तो सांगतो, या कुळातलं जगातलं सगळ्यात मोठं जनावर दक्षिण अमेरिकेत पाण्याकाठी कळपानं राहतं, कॅपिबारा नावाचं. आमच्याकडं थोरली मानायची ती सायाळच. दात झिजवायला आणि हाडातला चुना पोटात जायला ती हाडं कुरतडते.

मी लागवडीवरचे दोन मजूर घेतले. एकाचं नाव दगडू. बिळाला दोन तोंडं होती. वरचं दगडांनी बुजवलं, खालच्या तोंडाशी ओला पाला आणि मिरच्या पेटवल्या. भर दुपार होती.

थोड्या वेळानं नर बाहेर आला. धुराकडं तोंड करून नाही, उलटा. पाठीवरचे काटे पिसाऱ्यासारखे उभे, शेपटीचे पोकळ काटे खुळखुळ वाजताहेत. लोक म्हणतात सायाळ काटे फेकून मारते. ती फेकत नाही. पाठमोरी धावून येते आणि अंगात रुतवते. बिबट्यासुद्धा त्या काट्यांनी तोंड सुजून उपाशी मरतो. आमच्याकडं लांब काठ्या होत्या. त्याला पळायला मोकळं रान होतं. तो पळाला नाही. बिळाच्या तोंडाशीच फिरत राहिला आणि तिथंच पडला.

मादी आलीच नाही. धूर विरल्यावर आम्ही खणलं. आत माणूस रांगत जाईल असा बोळ, शेवटी एक खोली. तिथं मादी नाक मातीत खुपसून मेलेली होती. नवं बीळ काढायला लागली होती, हातभर खणलंही होतं. तिच्या पोटाखाली दोन पिल्लं. सायाळीचं पिल्लू जन्मतःच डोळे उघडून येतं. काटे मऊ असतात, ते काही दिवसांत ताठतात. या दोघांचे नुकतेच ताठत होते. एक मेलं होतं. दुसऱ्याचं पोट हलत होतं.

मी मेलेल्या नराचा ओठ उचलला. सटवाजीनं शेरडीचा उचलला होता तसाच. वर दोन, खाली दोन, नारिंगी रंगाचे लांब दात. एक सोललेली काटकी त्यांना लावून पाहिली. खाचेत दात बसले. मला ते आधीच माहीत होतं. तरी लावून पाहिलं.

दगडू म्हणाला, "नाकेदार, हे अमीनसायबाला दाखवाया पायजे. सटवाजीचं खरं होतं."

"गप बस. पुरा हे सगळं."

"आन् हे जितं हाय ते?"

मी कुदळ उचलली. दगडूनं ते पिल्लू धोतराच्या सोग्यात घेतलं आणि बाकीची तीन मढी आम्ही त्याच बिळात लोटून वरून माती ओढली. पुरावा मी माझ्या हातानं पुरला. बड्या साहेबांनी लागवड पाहिली, धनगरांना शिक्षा झाल्याचं ऐकलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

ते पिल्लू दगडूच्या अंगणात वाढलं. सायाळीबद्दल मला जे माहीत आहे त्यातलं बरंचसं तिथलं. काहीतरी निमित्त काढून मी जायचो आणि लांब बसून पाहायचो. दिवसभर ती कणगीमागं निजायची, तिन्हीसांजेला उठायची. रताळं दिलं की पुढच्या पायात धरून, बसून खायची. दगडूच्या दाराची चौकट तिनं बुडाशी कुरतडली होती, त्याच खाचा. नजर मंद, पण नाक आणि कान इतके तिखट की माझा वास आला तरी काटे फुलवायची. दगडूवर मात्र तिनं कधी काटे फुलवले नाहीत. ती सतरा-अठरा वर्षं जगली. जंगलात इतकं आयुष्य क्वचितच एखाद्या सायाळीला मिळत असेल. तिथं वणवा आहे, बिबट्या आहे, दुष्काळ आहे, आणि काठीवाले आहेत. तरीही जोडी एकमेकांना धरून राहते, वर्षाला एखाद-दुसरं पिल्लू वाढवते आणि बीळ पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवते. माझ्या गस्तीतलं एक बीळ बंद झालं, ते मी केलं.

वर्षं गेली. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसच्या धामधुमीत आमच्याकडची खूप घरं पैनगंगेपलीकडं गेली आणि पोलीस ॲक्शननंतर परतली. राज्य बदललं. अमीनसाहेब कधीच बदलून गेले होते. आता मला कुणाची भीती नव्हती. नेमकं तेव्हाच मी सटवाजीला शोधायला निघालो, हेही लिहायला पाहिजे. भीती असताना निघालो नव्हतो.

तो आखाडा बाळापूरच्या बाजारात भेटला. स्वतःचं एकही मेंढरू उरलं नव्हतं. एका मोठ्या शेतकऱ्याची मेंढरं सालावर राखत होता. मी त्याला बाजाराच्या कडेला नेलं आणि सगळं सांगितलं. काटा, बीळ, पिल्लू, सगळं.

तो म्हणाला, "मला ठावं होतं."

"कधीपासून?"

"तवाच. तुमी खोडाला बोट लावलं, आन् उठताना माझ्याकडं पाहिलं न्हाई. तवाच कळलं."

मी म्हणालो, मी लिहून देतो, कुठं सांगशील तिथं येतो. त्यानं काठीवर हनुवटी टेकली.

"लिवून काय करू? मला वाचता येत न्हाई. माझ्या भावायला सांगा. त्यायचे उंबरे मला आजवर बंद हायेत. आन् आधी गिरजाला सांगा. तिला बी वाटतं, मी त्या राती झोपलो आसंल आन् शेरडं सुटली आसतील. बोलत न्हाई ती. पण वाटतं."

गिरजाबाई झोपडीपुढं लोकर पिंजत होती. मी उभ्यानं सांगितलं. तिचे हात थांबले. तिनं माझ्याकडं न पाहता सटवाजीकडं पाहिलं, बराच वेळ. मग उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "चला. भावायकडं."

तीन भावांची तीन घरं, एकाच वस्तीत. पहिल्या घरापुढं माझी जीभ अडखळली. मी तुटक तुटक बोललो, घाम पुसला. मधला भाऊ खाली पाहत ऐकत राहिला आणि शेवटी सटवाजीला "आत या" एवढंच म्हणाला. दुसऱ्या घरापुढं लोक जमले. तिथं मला शब्द सापडायला लागले. तिसऱ्या घरी, धाकट्याच्या अंगणात, तीसेक माणसं बसली होती. मी बाजेवर बसलो होतो, हातात चहा होता. नर बिळाच्या तोंडाशी कसा फिरत राहिला हे मी हात हलवून सांगत होतो, आणि माणसं चुकचुकत होती. कुणीतरी म्हणालं, "नाकेदार, तुमची छाती मोठी. आसं कबूल कराया कोनी येत न्हाई." दुसरा म्हणाला, "खरा मानूस." मी मान हलवली. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला लिहू, खूप दिवसांनी मला इतकं बरं वाटत होतं.

गिरजाबाई दाराशी उभी होती. ती पुढं आली.

"आता पुरे करा, नाकेदार. तुमालाच ग्वाड लागून राहिलं आता."

मी सटवाजीला शोधलं. तो अंगणात नव्हता. धाकट्यानं ओसरीवर त्याच्यासाठी घोंगडं अंथरलं होतं, ते रिकामं होतं. मी विचारलं, कुठं गेला?

"मेंढरायला पानी पाजायची येळ झाली," गिरजाबाई म्हणाली. "दुसऱ्याची हायेत. थांबून कसं चालंल?"